सात मिलिमीटरमध्ये काय मावतं: वाचनालयाच्या लॅपटॉपांसाठी हार्ड डिस्कची पारख

४ फेब्रुवारी २०२४

पुण्यातल्या एका कंपनीने वाचनालयाला सात जुने लॅपटॉप देणगी दिलेत. सगळे थिंकपॅड एक्स२३०, २०१२ च्या पिढीतले. दोघांचे मदरबोर्ड गेलेले आहेत, पाच धड आहेत. बॅटऱ्या जेमतेम, पण स्कॅनरला जोडून टेबलावर बसवायचे असल्याने त्याचं काही अडत नाही. हार्ड डिस्क मात्र एकातही नाही. कंपनीने देताना काढून घेतल्या. त्यांचं बरोबरच आहे, आपला डेटा कोण दुसऱ्याच्या हाती देईल!

काम असं: वाचनालयाची जुनी नोंदणी-रजिस्टरं, कार्यकारिणीच्या बैठकांची इतिवृत्तं आणि बांधून ठेवलेले मासिकांचे अंक स्कॅन करायचे. पाच टेबलं, पाच लॅपटॉप, कॉलेजची पोरं संध्याकाळी येणार. माझं दुकान आठला बंद होतं, तिथून थेट इकडे. खर्चासाठी एका सभासदाने आईच्या स्मरणार्थ सतरा हजार रुपये दिलेत. त्यात जे बसेल ते.

अध्यक्षकाका म्हणाले, "हार्ड डिस्क म्हणजे हार्ड डिस्क. बाजारात मिळेल ती आण." हे वाक्य लिहून ठेवतोय.

६ फेब्रुवारी

दुकानात पडलेली एक जुनी डिस्क मापाला म्हणून नेली. एक्स२३० ची जागा उघडायला सोपी: खालून एक स्क्रू, झाकण सरकवलं की आत खाच. डिस्क अर्धी आत गेली आणि अडली. पोरगा जोर लावायला लागला, त्याचा हात धरला.

व्हर्नियर लावला. डिस्क ९.४ मिलिमीटर जाड, खाच सातच्या जेमतेम वर. लॅपटॉपच्या सगळ्या अडीच इंची डिस्कांची लांबी-रुंदी एकच, साधारण १०० बाय ७० मिलिमीटर. फरक जाडीत. जुन्या बहुतेक साडेनऊच्या, जास्त क्षमतेच्या काही साडेबारा आणि पंधराच्याही. सातची सडपातळ जात २००९-१० च्या सुमाराला बाजारात आली आणि पुढे अल्ट्राबुकांच्या, म्हणजे सडपातळ लॅपटॉपांच्या, लाटेत रूढ झाली. एक्स२३० ला सातचीच लागते.

उलटा प्रश्न सोपा असतो. साडेनऊच्या जागेत सातची बसते. साटाचं तोंड (डिस्क लॅपटॉपला जिथे जोडली जाते ते) आणि बाजूची स्क्रूची भोकं तळापासून मोजलेली असतात, त्यामुळे जोडणी जुळते आणि वरच्या अंगाला अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट टाकली की डिस्क खडखडत नाही. गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये ही चौकट फेकून दिलेली मी कितीदा बघितलीय. मग सहा महिन्यांनी "डिस्क मध्येच गायब होते" म्हणून परत येतात.

७ फेब्रुवारी

पाचपैकी दोन लॅपटॉपांत डिस्कच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या रबरी पट्ट्या नाहीत. सुट्या मिळतात, पण पोस्टाने यायला दहा दिवस. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बसवले. घट्ट बसले.

११ फेब्रुवारी

रविवार. दुकान बंद, म्हणून निवांत बसून उमेदवार ठरवले. सातच्या जाडीत नवी मिळणारी एक टीबीची तीन मॉडेलं सगळीकडे दिसतात: सीगेटची एसटी१०००एलएम०४८, वेस्टर्न डिजिटलची डब्ल्यूडी१०एसपीझेडएक्स आणि तोशिबाची एमक्यू०४एबीएफ१००. तिन्ही मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या, तिन्हींना १२८ एमबी कॅशे (मजकूर क्षणभर ठेवायची डिस्कमधली जलद मेमरी), किंमत तीन हजार सातशेच्या आसपास. शिवाय जुन्या मशीनमधून काढलेल्या ५०० जीबीच्या सातच्या डिस्का, सातशे रुपये नग. त्यांची कॅशे आठ नाहीतर सोळा एमबी.

पोरांना १२८ चा आकडा फार आवडला. सोळाच्या आठपट! मला तो बघूनच खटकला. लॅपटॉपच्या संथ डिस्कला कंपनी एवढी कॅशे हौसेने देत नाही, ती आतलं काहीतरी निभावून न्यायला देते.

५४०० फेऱ्यांचा हिशोब पोरांना फळ्यावर करून दाखवला. मिनिटाला ५४०० म्हणजे आतल्या तबकडीची एक फेरी ११.१ मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी, ५.६ मिलिसेकंद. हेड आत-बाहेर सरकायला आणखी बाराएक. म्हणजे विखुरलेल्या जागेवरून वाचायचं तर दर खेपेला सतरा-अठरा मिलिसेकंद, सेकंदाला साठेक खेपा. चार केबीचे तुकडे धरले तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा पदरात पडत नाही. विंडोज सुरू होताना डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो आणि माणूस चहा पिऊन येतो, ते यामुळे. खोक्यावर लिहिलेला वेग सलग वाचनाचा असतो.

१३ फेब्रुवारी

दोन नव्या एक टीबी आणि जुन्या ५०० जीबीच्या चार आणल्या. नमुन्यांना आकडे देतो: १ आणि २ नव्या, ३ ते ६ जुन्या. कोणता नग कुठल्या कंपनीचा हे इथे लिहीत नाही. एकदोन नगांवरून कुणाला नाव ठेवायचं नसतं, आणि जुन्या डिस्केचं जे व्हायचं ते आधीच्या मालकाच्या हातून झालेलं असतं.

आल्याआल्या फक्त नजरेनं बघणं. साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे, बाजूच्या भोकांत स्क्रूच्या खुणा, लेबलवरची तारीख. वरच्या अंगावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब त्यातून सारखा राहतो, कारण हेड तबकडीवर हवेच्याच पातळ थरावर तरंगत असतं. नमुना ४ च्या भोकावर आधीच्या कुणीतरी वॉरंटीचं स्टिकर चिकटवलं होतं. काढलं, पण या डिस्केवर माझा जीव नाही.

१६ फेब्रुवारी

स्मार्टच्या नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे ठेवते ते, काढल्या. गिऱ्हाइकं क्रिस्टलडिस्कइन्फोचा (हे आकडे दाखवणारा प्रोग्राम) फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून घाबरतात, त्यांच्यासाठी मी काय बघतो ते एकदा इथे टाकतो.

५ क्रमांक: बिघडले म्हणून बदललेले सेक्टर (तबकडीवरचे मजकुराचे छोटे कप्पे). १९७: वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले. १९८: वाचण्याची आशा सोडलेले. हे तिन्ही शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर बहुधा दोष डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो. नऊ क्रमांक म्हणजे चालू राहिल्याचे तास, १९३ म्हणजे हेड किती वेळा तबकडीबाहेरच्या उतारावर जाऊन बसलं. सीगेटच्या डिस्कांत पहिल्या आणि सातव्या ओळीला कोट्यवधींचा आकडा दिसतो. त्यात चुका आणि एकूण वाचनं एकाच संख्येत गुंफलेली असतात, म्हणून तो नुसता बघून छाती धडधडवून घेऊ नये. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायात दाखवतो. तिथे १० दिसलं तर ते सोळा असतात. यावरून एकदा माझी आणि शेजारच्या दुकानदाराची चांगलीच जुंपली होती.

नमुना ३, ५ ठीक. ४ मध्ये ताटकळलेले सेक्टर ४८. बाद.

नमुना ६ वर थांबलो. विक्रेत्याने "नवीच आहे, फक्त खोकं नाही" म्हणून दिलेली. चालू तास: ३. चालू-बंद: ५ वेळा. मनात म्हटलं, वा! पण लेबल २०१५ चं आणि सोनेरी पट्ट्या घासलेल्या. मग स्वतःची तपासणी केल्याची जी यादी डिस्क आत ठेवते ती उघडली. तीन तास चाललेल्या डिस्केच्या यादीत ९,४१२ व्या तासाला झालेली एक चाचणी. वरचा मीटर कुणीतरी मागे फिरवला होता, खालची वही फाडायला विसरला. जुन्या गाडीचं किलोमीटर मागे करतात तोच धंदा.

१७ फेब्रुवारी

विक्रेत्याला फोन. तो म्हणाला, "साहेब, आम्हालाही तशीच आली." परत घेतली, पैसे दिले, वाद नाही. सेक्टर तिचे सगळे धड होते हे खरं. नऊ हजार तास असं सरळ सांगून दिली असती तरी मी घेतली असती.

२० फेब्रुवारी

नमुना १ वर बॅडब्लॉक्स या प्रोग्रामची पूर्ण लेखन-चाचणी सुरू केली. चार वेळा लिहिणार, चार वेळा वाचून पडताळणार. एक टीबीला सेकंदाला सरासरी १०० एमबी वेग धरला तर एका खेपेला दोन तास सत्तेचाळीस मिनिटं, आठ खेपांना बावीस तासांच्या वर. दुकानातल्या बेंचवर रात्रभर ठेवली. पहाटे चारला लाईट गेली. इन्व्हर्टरवर बेंचचा प्लग नव्हता. परत पहिल्यापासून.

२४ फेब्रुवारी

सगळ्यांच्या लेखन-चाचण्या पार पडल्या, चुका शून्य. सलग वेग, सेकंदाला एमबी: नव्या दोन्ही बाहेरच्या कडेला १३५ च्या आसपास, आतल्या कडेला साठ-पासष्ट. जुन्या १०५ आणि पन्नास. बाहेरच्या कडेला वर्तुळ मोठं, एका फेरीत जास्त मजकूर हेडखालून जातो, म्हणून डिस्क भरत जाते तशी मंदावते. यात आश्चर्य काहीच नाही.

पोरांनी निकाल लावून टाकला: नव्या घ्या. मी म्हटलं, अजून आपलं काम करून बघितलेलं नाही.

२ मार्च

आज आपल्या कामासारखी चाचणी. ए-४ पान, ३०० डीपीआय, रंगीत: २४८० गुणिले ३५०८ ठिपके, प्रत्येकी तीन बाइट. २६ एमबीची टिफ (न दाबलेल्या चित्राची) फाइल. अशा दोन हजार फाइली म्हणजे ५२ जीबी.

डिस्क आधी ऐंशी टक्के भरली. मग त्या दोन हजार पानांवर आमची नेहमीची स्क्रिप्ट चालवली: पान सरळ करायचं, कडा कापायच्या, त्याच नावाने परत ठेवायचं. फाइली क्रमाने नाहीत, वाटेल तशा.

नमुना ३, जुनी ५०० जीबी: २३ मिनिटं.

नमुना १, नवी: पहिली आठ मिनिटं सुसाट. नंतर वेगाची रेघ अशी खाली आली जशी लाईट गेल्यावर पंख्याची गती. सेकंदाला चार एमबी, मग शून्य, मग तीस, परत शून्य. एकदा सतरा सेकंद काहीच नाही. एकूण एक तास बारा मिनिटं. नमुना २: एक तास चार मिनिटं. म्हणजे हा एका नगाचा दोष नव्हे.

सगळ्यात मजा शेवटी. स्क्रिप्ट संपली, लॅपटॉपवरचा डिस्कचा दिवा विझला. पोरगं डिस्क काढायला निघालं. मी म्हटलं, थांब, कान लाव. दिवा विझलेला, आत मात्र खरखर चालूच. उंदराने पोतं कुरतडावं तशी, बारीक आणि न थांबणारी. लॅपटॉपच्या दृष्टीने काम झालेलं, डिस्केच्या दृष्टीने अजून आवराआवर बाकी. पंचवीस मिनिटं ती तशीच आवरत बसली होती.

३ मार्च

कालचं कोडं पोरांना कौलांवरून समजावलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीला अजून मंगलोरी कौलं आहेत, खिडकीतून दाखवता आली.

लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं. लिहायला चुंबकीय जोर लागतो, त्याला फार अरुंद करता येत नाही. साध्या डिस्केत प्रत्येक रांग लिहिणाऱ्या हेडच्या रुंदीची असते. नव्या पद्धतीत पुढची रांग आधीच्या रांगेच्या अंगावर थोडी चढवून लिहितात, वाचायला पुरेल एवढीच कड उघडी ठेवतात. कौलांवर कौल. एकाच तबकडीवर बऱ्याच जास्त रांगा मावतात. इंग्रजीतही या पद्धतीला छपरावरच्या फळ्यांवरूनच नाव पडलंय, शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग, म्हणजे एसएमआर.

पण छपरातलं मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात. तसंच मधली एक रांग बदलायची तर पट्ट्यातल्या पुढच्या सगळ्या रांगा वाचून, परत मांडून लिहाव्या लागतात. गिऱ्हाइकाला हे कळू नये म्हणून डिस्क नवा मजकूर आधी एका राखीव जागेत घेते आणि सवडीने जागेवर नेते. ती १२८ एमबी कॅशे, ती विझल्या दिव्यामागची खरखर, सगळं त्यासाठी. राखीव जागा भरली की सवड संपली, मग तुम्ही थांबा.

त्यावर एका पोराने चांगला प्रश्न काढला: आपली स्क्रिप्ट तर जुनी फाइल पुसून नवी लिहिते, मग मधलं कौल बदलायचा संबंध काय? संबंध असा की फाइल पुसली हे फाइल सिस्टिमला कळतं, डिस्कला कुणी वेगळं सांगितलं नाही तर तिला कळत नाही. मोकळी झालेली फट ऐंशी टक्के भरलेल्या छपराच्या मधोमध असते आणि नवी फाइल त्याच फटीत जाते.

आणि हे सगळं परत जाडीवर येऊन टेकतं. साडेनऊच्या जुन्या एक टीबी डिस्केत तबकड्या दोन असत, ५०० जीबीच्या. सातच्या कवचात एकाच तबकडीत टीबी बसवायचा तर रांगा एकमेकींवर चढवणं हाच कंपन्यांना परवडणारा रस्ता. डिस्क बारीक झाली, तिचा बोजा लिहिण्यावर पडला. २०२० च्या एप्रिलमध्ये बराच गदारोळ झाल्यावर तिन्ही कंपन्यांनी आपापल्या कोणत्या डिस्का एसएमआर आहेत हे उघड सांगितलं. त्याआधी खोक्यावरून ते कळायची सोय नव्हती, आणि दुकानात अजूनही कुणी विचारत नाही.

१० मार्च

आज लाज वाटायचं काम केलं. पानं मोजली. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

ग्रंथपाल मॅडमनी रजिस्टरांची यादी काढून दिली. सगळं मिळून चाळीस हजार पानांच्या आसपास. गुणिले २६ एमबी: १.०४ टीबी. पाच टेबलांवर वाटलं की एका लॅपटॉपच्या वाट्याला २०८ जीबी. स्वच्छ केलेल्या प्रती त्याच डिस्केवर ठेवल्या तरी सव्वाचारशेच्या आत. मूळ फाइली दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवल्या तर त्याहून कमी.

म्हणजे ५०० जीबी पुरते. एक टीबीची गरज नव्हतीच. दुकानात मोठा आकडा समोर आला आणि आम्ही त्याच्या मागे गेलो.

१२ मार्च

कार्यकारिणीची बैठक. अध्यक्षकाकांचा रास्त प्रश्न: "मग सरळ एसएसडी का नाही? माझ्या नातवाच्या लॅपटॉपमध्ये आहे." खरंच आहे त्यांचं. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांवरची डिस्क. लॅपटॉपमध्ये आज कुणी एकच डिस्क टाकायची म्हटलं तर मी एसएसडीच सांगतो, दुसरा विचारही करत नाही. पण ५०० जीबीच्या पाच एसएसडी पंधरा हजार, आणि वर संग्रहाच्या प्रतीसाठी दोन मोठ्या डिस्का लागणारच. बावीस हजारांच्या पुढे जातं. हातात सतरा.

एक्स२३० ची एक खोड मात्र इथे उपयोगी पडली. मनगट टेकतो त्या पट्टीखाली सिमकार्डच्या मोडेमसाठी एक खाच असते, आणि तिच्यात एमसाटा जातीची छोटी एसएसडी चालते. वेग साटा-२ चा, म्हणजे कागदोपत्री ३ गिगाबिट. हार्ड डिस्केपुढे तरी वादळच. १२८ जीबीचा तुकडा अकराशे रुपयांना मिळतोय.

हिशोब: जुन्या ५०० जीबी पाच नग ३,५०० रुपये, एमसाटा पाच नग ५,५०० रुपये, नव्या एक टीबी दोन (आधीच घेतलेल्या) ७,४०० रुपये. एकूण १६,४००. सहाशे उरतात. खजिनदारांनी मान डोलावली. त्यांची मान सहजासहजी डोलत नाही.

१३ मार्च

काम कसं वाटून दिलं ते. लिनक्स मिंट (विंडोजऐवजीची फुकट सिस्टिम) आणि चालू दिवसाची पानं एमसाटावर. कापणं, सरळ करणं, पुन्हापुन्हा लिहिणं सगळं तिथेच. संध्याकाळी तयार पानं ५०० जीबीवर. आठवड्यातून एकदा सगळ्या लॅपटॉपांची भर, दाबलेल्या टिफ फाइलींच्या रूपात, त्या एसएमआर डिस्कांवर, दोन प्रती. एक वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, दुसरी मॅडमच्या घरी.

ज्या डिस्कांनी मला तासभर ताटकळवलं त्या या शेवटच्या कामाला चोख आहेत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कौलं रचत जायची, मधलं काढायचं नाही.

२१ मार्च

जुन्या डिस्का पाच जमवायला एकूण अकरा तपासल्या. सहा परत. विक्रेता आता मला बघितलं की चहा सांगतो आणि मालाचं पोतं मागे सरकवतो.

२५ मार्च

धुळवड. कुणी आलं नाही. एकटाच बसून पाच लॅपटॉपांत एमसाटा टाकल्या. कीबोर्ड आणि पुढची पट्टी काढावी लागते, एकेक अर्ध्या तासाचं काम. तिसऱ्याला कीबोर्डची रिबन नीट बसली नव्हती, "अ" उमटेना. परत उघडला.

२८ मार्च

हेडचं प्रकरण. नमुना ५ मधून दर थोड्या वेळाने "टिक" असा आवाज. १९३ क्रमांक बघितला: सहा तासांत ८९० ने वाढला. लॅपटॉपच्या डिस्का वीज वाचवायला आणि धक्क्यापासून जपायला काही सेकंद काम नसलं की हेड उतारावर नेऊन ठेवतात. इकडे लिनक्स अधूनमधून काहीतरी लिहितं, की हेड परत तबकडीवर. तासाला दीडशे फेऱ्या. दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर साडेतीन लाख. या जातीच्या डिस्कांना कंपन्या साधारण सहा लाख फेऱ्यांची हमी लिहितात. पावणेदोन वर्षांत संपली असती, तीही नवी असती तर.

एचडीपार्म या लिनक्सच्या आज्ञेने वीजबचतीची पातळी १२८ वरून २५४ केली. झोपेतून उठल्यावर डिस्क परत आपल्या मुळावर जाते, म्हणून सेटिंग कायमस्वरूपी फाइलीत टाकलं आणि लॅपटॉप झोपवायचाच नाही असं ठरवलं. आता दिवसाला पाच-सहा फेऱ्या.

धक्क्याची भीती त्याने वाढते, हे मान्य. पण हे लॅपटॉप टेबलावरून हलणार नाहीत. फक्त बांधीव अंक टेबलावर आपटायचे नाहीत, असा कागद भिंतीवर लावला. मॅडमनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात "हळू" लिहिलं.

८ एप्रिल

उद्या पाडवा. पाडव्यालाच पहिलं पान स्कॅन करायचं असा मॅडमचा आग्रह, म्हणून आज सगळं जोडून बघितलं. दुपारी खोलीत ३९ अंश. लाईट दोन तास नव्हती, पंखे बंद, लॅपटॉप इन्व्हर्टरवर. डिस्केचं तापमान ५२. मर्यादा ६० ची असते, पण मला पन्नासच्या वर गेलेलं आवडत नाही. लॅपटॉप प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर ठेवले होते, ते काढून खाली लाकडी पट्ट्या दिल्या. ४७.

९ एप्रिल

पहिलं रजिस्टर. कापडी बांधणी, पहिल्या पानावर मोडीत दोन ओळी आणि पुढे सगळं बाळबोध. स्कॅनरचा दिवा फिरला, पान पडद्यावर यायला तीन सेकंद. मॅडम म्हणाल्या, "एवढंच?" त्यांनी मार्चमधली चाचणी बघितली होती. तेव्हा पान उलटून हात तसाच धरून बसावं लागायचं.

आज ३१० पानं.

२७ एप्रिल

संग्रहाची तिसरी भर. ३८ जीबी, सव्वापाच मिनिटं, कुठेही अडखळली नाही. फाइल बिघडलेली नाही ना हे बघायला भर घातल्यावर प्रत्येक फाइलीचा चेकसम (मजकुरावरून काढलेला खुणेचा आकडा) दुसऱ्या प्रतीशी जुळवतो. त्यात वेळ जास्त जातो.

यूएसबी केबलवरून एक अनुभव: डिस्क फिरायला लागताना एक अँपिअरपर्यंत ओढते, आणि यूएसबी ३ चं तोंड हमखास ९०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी २ चं ५००. एका लॅपटॉपवर डिस्क नुसती टुकटुक करायची आणि दिसायची नाही. पोरांनी ती मेली म्हणून जाहीर केलं. दोन तोंडांची केबल लावली, लगेच आली.

१८ मे

तिसऱ्या टेबलावरच्या जुन्या डिस्केत ताटकळलेले सेक्टर शून्यावरून आठ. पोरगं म्हणालं, बरोबर आठच कसे? आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा, बाहेर तो ५१२ चे आठ म्हणून दिसतो. म्हणजे जागा एकच बिघडली. त्या जागी शून्य लिहिलं तर डिस्क ती जागा बदलून घेईल किंवा तीच परत चालेल, आणि आकडाही शून्य होईल. पण सातशे रुपयांसाठी मी इतकी विषाची परीक्षा घेत नाही.

मूळ फाइली दोन्ही संग्रहात होत्या, आजची पानं एमसाटावर. खालचा एक स्क्रू, झाकण, ट्यूबच्या पट्ट्या नव्या डिस्केवर चढवल्या, आत सरकवली. उरलेल्या सहाशेतून ती आणली होती, शंभर मी घातले. बदलून परत स्कॅनर सुरू व्हायला बारा मिनिटं.

काढलेल्या डिस्केवर मार्करने फुली. एकूण पानं ११,८६०.